लोटनचा गार्लंड बोलतोय

लोटन गावात गार्लंड स्ट्यूक्सचं टायरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची मतं जास्त चालायची. गाडीचा टायर बदलायला आलेला माणूस टायर बदलून जायचा, पण हेरन्सच्या आक्रमणात कुठं खोट आहे हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसायची. हेरन्स म्हणजे स्टेट कॉलेजची फुटबॉल टीम; फुटबॉल तो अमेरिकन, चेंडू हातानं फेकायचा नाहीतर पोटाशी धरून पळवायचा. अलाबामाच्या त्या भागात शनिवारी मॅच आणि रविवारी चर्च, आणि देवाला खरं विचारलं तर भक्ती शनिवारी जरा जास्तच व्हायची.

गार्लंडला बोलायचा हक्क होता असं तो स्वतः मानायचा. हायस्कूलमध्ये तो क्वार्टरबॅक होता. चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो, फेकायचा की पळवायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ज्यानं ठरवायचं, आणि हरलं की शिव्याही ज्यानंच खायच्या, तो क्वार्टरबॅक. कॉलेजात मात्र तो बाकावरच राहिला. मॅचला जाताना इस्त्रीचा असलेला त्याचा गणवेश परत येतानाही इस्त्रीचाच असायचा. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, दुकान झालं. मुलींना चेंडूत काडीचा रस नव्हता.

धाकट्या बहिणीचा, नोरीनचा, नवरा लाकडं भरलेला ट्रक उलटून वारला तेव्हा तिचा टेट जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. शाळा सुटली की पोरगं मामाच्या दुकानात येऊन बसायचं. पहिल्यांदा गार्लंडनं त्याला खेळायला जुना चेंडू दिला तो केवळ पायात पायात येऊ नये म्हणून. पोरानं तो चेंडू उचलून सरळ पलीकडच्या टायरांच्या ढिगावर मारला, आणि गार्लंडच्या हातातला पाना हातातच राहिला.

तेव्हापासून वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत मामा-भाच्यांची तालीम चालायची. "कोपर वर! कोपर कानाच्या खाली आलं की चेंडू जखमी पाखरासारखा फडफडतो. पाय आधी, हात मागनं. चेंडू माणसाकडे नको फेकूस, माणूस जिथं पोचणार आहे तिथं फेक." गिऱ्हाइकं ताटकळायची. बायको इमोजीन फोन करून थकायची. गार्लंडला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आणि मग नोरीननं रस्क डेलनीशी लग्न केलं.

रस्क डेलनी म्हणजे कोण हे लोटनमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. स्टेटकडून खेळलेला, दरवाजातून आत येताना अंग चोरावं लागेल एवढा आडदांड गडी. त्याचा गणवेशातला फोटो बँकेत टांगलेला होता. आता ट्रॅक्टरची एजन्सी, मोठी पिकअप, कॉलेजच्या कोच मंडळींशी गळ्यात गळे. माणूस वाईट नव्हता, आणि गार्लंडला खरा त्रास त्याचाच व्हायचा. वाईट असता तर चारचौघांत नावं तरी ठेवता आली असती.

टेट तेव्हा हायस्कूलला होता. रस्कनं त्याला उन्हाळ्याच्या शिबिरांना नेलं, महागडे बूट आणले, कोचच्या शेजारी बसवून जेवू घातलं. दुकानामागची तालीम आधी आठवड्यातून एकदा झाली, मग कधीतरी झाली, मग टेट फक्त गाडीत हवा भरायला येऊ लागला. स्टेटनं त्याला टीममध्ये घेतलं तेव्हा डायनरमध्ये सकाळच्या कॉफीला एकच बोलणं होतं, "रस्कच्या पोरानं नाव काढलं." रस्कचं पोर! गार्लंड आपल्या बिस्किटावर, म्हणजे तिकडच्या मऊ गोल पावावर, ग्रेव्ही ओतत राहायचा, ती बशीबाहेर जाईपर्यंत.

स्टेटकडून मॅचला टेटच पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक म्हणून उतरणार हे ठरलं त्या उन्हाळ्यात पेपरात अर्धं पान भरून आलं. फोटोत टेट, आणि त्याच्या खांद्यावर रस्कचा तो खोऱ्यासारखा हात. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, "घरातच घडला क्वार्टरबॅक, सावत्र वडिलांच्या तालमीत वाढला टेट लूमिस."

गार्लंडनं ते वाचलं, घडी घातली, उलगडलं, परत वाचलं.

"अहो, भोक पडेल त्या कागदाला," इमोजीन म्हणाली.

"माझं नाव कुठंय यात?"

"नाहीये."

"शेवटी कुठं बारीक अक्षरात?"

"तिथंही नाही. जेवून घ्या."

"आयत्या बिळावर नागोबा," गार्लंड म्हणाला. "बीळ मी खणलं. नखं माझी गेली. आणि हा फणा काढून फोटोला बसलाय."

इमोजीननं त्याच्यापुढे भेंडीची बशी सरकवली. "मग त्याला जाऊन सांगा तसं."

पण असं सांगायला तोंड हवं. माझं नाव का नाही घेतलंस, असं दुसऱ्या बाप्याला विचारायचं म्हणजे आपण किती खाली आलोय हे आपणच कबूल करायचं. गार्लंड गेला नाही. नोरीनकडच्या रविवारच्या जेवणालाही जाईनासा झाला. कधी कंबर दुखायची, कधी दुकानात माल यायचा.

मोसमातल्या पहिल्या दोन मॅच हेरन्सनी जिंकल्या, पण कशाबशा. सोमवारी संध्याकाळी रेडिओवर क्लीट फेअरक्लॉथचा कार्यक्रम असायचा. लोकांनी फोन करायचा आणि टीमबद्दल मनातली मळमळ ओकायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा तो मेळाच होता. गार्लंड तो नेमानं ऐकायचा, पण फोन त्यानं कधी केला नव्हता. त्या सोमवारी कुणीतरी म्हणालं, "टेट लूमिसचा हात बघा, रस्क डेलनीनं काय घडवलाय!" आणि गार्लंडच्या अंगाचा असा तिळपापड झाला की फोन कधी उचलला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"बोला, कोण आहे?" क्लीटनं विचारलं.

"लोटनचा गार्लंड बोलतोय."

"बोला लोटन! खूश आहात ना?"

"खूश कशाला? शेंबड्या टीमांशी जिंकलो त्यात काय खूश व्हायचं? क्लीट, मला सांगा, आपलं आक्रमण कसलं आहे? धावायचं. आपल्या कोचला आयुष्यभर एकच येतं, चेंडू पोटाशी धरा आणि घुसा. बरोबर?"

"चुकीचं नाही म्हणता येणार."

"आणि क्वार्टरबॅकसमोर भिंत बनून उभी राहणारी आपली पुढची फळी? गेल्या वर्षीचे दांडगे गेले. आता उभी आहेत ती पोरं मोठ्या टीमसमोर पुठ्ठ्यासारखी दुमडतील. अशा फळीमागं क्वार्टरबॅक कसा पाहिजे? पायानं चपळ. भिंत पडली तर सटकणारा. हा लूमिसचा पोरगा शांतपणे उभा राहून लांब फेकणारा आहे. त्याला वेळ लागतो, आणि वेळ त्याला कुणी देणार नाही."

"मग खेळवायचं कुणाला?"

"बाकावर बसलाय की कीओन टॉलिव्हर! ते पोरगं पाऱ्यासारखं आहे. हातात सापडत नाही."

इथवर थांबला असता तर ते निव्वळ मत होतं, आणि खरं मत होतं. टेटचा मामा म्हणून बघितलं असतं तरी त्याला हेच दिसलं असतं, आणि त्यानं तोंड मिटून ठेवलं असतं. पण जीभ सुटली होती.

"आणखी एक सांगतो, क्लीट. घाई झाली की त्या पोराचं कोपर खाली येतं. कानाच्या खाली. बघा शनिवारी. ज्यानं कुणी शिकवलं असेल त्याचं तिकडं लक्षच नाही. फोटो काढून घ्यायला मात्र सगळे पुढं!"

क्लीट खदखदून हसला. "लोटन, तुम्ही दर सोमवारी फोन करा!"

गार्लंडनं फोन ठेवला. इमोजीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातातलं फडकं तसंच धरून.

"काय केलंत हे?"

"खेळाबद्दल बोललो. बंदी आहे का?"

तिनं फडकं खुंटीला लावलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून डायनरमध्ये गार्लंडचं वजन वाढलं. "काय रेडिओ, आज काय म्हणणं आहे?" लोक विचारायचे. रस्कचं पोर म्हणणारेच आता खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचे. गार्लंडला ते गोड लागलं, नाही म्हणायचं कारण नाही. पुढच्या सोमवारी त्यानं परत फोन केला, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी टॉलिव्हर, प्रत्येक वेळी कोपर. भाचा हा शब्द मात्र त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही.

नोरीन दुकानात आली ती गाडी न थांबवताच आल्यासारखी. गार्लंड एका ट्रकच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"माझ्या पोराच्या मानेवरून हात फिरवायचास तू," ती म्हणाली. "आता तिथंच सुरी फिरवतोयस?"

"नोरीन, खेळाचं बोलणं असतं ते. आक्रमणाचं—"

"आक्रमण चुलीत घाल! आक्रमण तू करतोयस. तुला काय झालंय ते मला कळत नाही होय? लहानपणी मला नवी सायकल आणली तेव्हा तू तिची हवा काढून ठेवली होतीस. तसाच आहेस अजून. आता हवा भरायचं दुकान आहे तुझं, पण काढण्यातच जीव रमतो."

ट्रकवाला गिऱ्हाईक छताकडे बघू लागला.

"पोरगं ऐकतं ते?" गार्लंडनं खाली बघत विचारलं.

"सगळं होस्टेल ऐकतं. टेट काय म्हणाला माहितीये? म्हणाला, आई, मामाचा आवाज रेडिओवर चांगला येतो." नोरीनचे डोळे भरून आले होते, पण ती रडायला थांबली नाही. दार आपटून गेली.

पुढच्या शनिवारी मिसिसिपीकडची मोठी टीम येणार होती. सकाळपासून स्टेडियमबाहेरच्या कुरणात पिकअपच्या रांगा, शेगड्यांवर भाजणारी डुकराची फरं, पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकळणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा, निळ्या टोप्या, निळे तंबू. दरवर्षी गार्लंड नोरीनच्या तंबूत असायचा. या वेळी तो टायर कंपनीच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आला, आणि निळ्या तंबूंच्या मागून वळसा घालून आत शिरला.

त्यानं रेडिओवर जे जे सांगितलं होतं ते ते झालं. पुढची फळी पुठ्ठ्यासारखी दुमडली. टेटच्या हातात चेंडू येतो न येतो तोच दोन-दोन जाडजूड गडी त्याच्या अंगावर. एकदा पडला, उठला. परत पडला. मग तो घाईत फेकू लागला, आणि कोपर खाली आलं. वरच्या बाकावरून गार्लंडला ते स्वच्छ दिसलं. चेंडू फडफडत गेला तो सरळ समोरच्या टीमच्या माणसाच्या पोटात.

"अरे, तो लोटनचा माणूस अगदी हेच म्हणाला होता!" मागच्या बाकावरचा एक जण ओरडला. "कोपर!"

"टॉलिव्हर! टॉलिव्हर!" एका कोपऱ्यातून घोष सुरू झाला आणि बघता बघता सगळं स्टेडियम तेच ओरडू लागलं.

गार्लंडच्या छातीत काहीतरी ऊब आली. एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी आपलं म्हणणं! त्याला उठून सांगावंसं वाटलं, तो लोटनचा माणूस मीच. तेवढ्यात त्याची नजर खाली, खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या बाकांवर गेली. नोरीनची पाठ त्यानं लगेच ओळखली. ती दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. शेजारी रस्क. त्याचा तो मोठा हात तिच्या पाठीवर होता आणि मान वळवून तो वरच्या ओरडणाऱ्या लोकांकडे बघत होता, एकेक चेहरा लक्षात ठेवावा तसा.

माणसाचं मन कुठं जाऊन अडकेल याचा नेम नाही. त्या क्षणी गार्लंडला बहिणीची दया यायला हवी होती. पण आधी त्याच्या पोटात दुखलं ते हे, की पोराच्या पडत्या काळात तिथं बसायची जागाही त्या रस्कलाच मिळाली. तिथंही तोच.

कोचनं टेटला बाहेर घेतलं. टॉलिव्हर आला. मॅच हातची गेलीच, पण शेवटी शेवटी पोरगं असं काही सटकत पळालं की लोक हरूनही नाचत घरी गेले.

त्या सोमवारी गार्लंडनं रेडिओ लावला नाही. क्लीटनं मात्र त्याला हाक मारली म्हणे, "लोटन, कुठं आहात? सगळा मुलूख तुमचा फोन यायची वाट बघतोय!" डायनरमध्ये त्याच्या पाठीवर थापा पडल्या. त्या प्रत्येक थापेनं त्याला ठसका लागायचा.

मग एका दुपारी टेट दुकानात आला. गाडीत हवा भरायला नव्हे. नुसताच आला, आणि लहानपणी बसायचा त्या टायरांच्या ढिगावर बसला. हनुवटीवर जखमेची खूण होती. गार्लंडनं हात पुसले, परत पुसले.

"कोक घेतोस?"

"दे."

बाटली तोंडाला लावून टेट म्हणाला, "मामा, तुझं बरोबर होतं."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दलच. आक्रमण, फळी, कीओन. आपल्या टीमला तोच पाहिजे. मी कोचला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की मला क्वार्टरबॅक नको. मला पुढं पळव, झेलायला. कीओन फेकेल, मी झेलीन. या आठवड्यात सरावही केला. मामा, तुला सांगतो, मला इतकं हलकं वाटतंय! प्रत्येक वेळी चेंडू हातात आला की कधी एकदा सुटतो असं व्हायचं. आता मी नुसता पळतो."

गार्लंडच्या कानात दुकानातल्या हवेच्या यंत्राचा आवाज एकाएकी मोठा झाला.

"तू सोडलंस?" तो म्हणाला. "क्वार्टरबॅक सोडलंस? एका मॅचनंतर?"

"एका कशाला. मोसमाच्या आधीपासून घाबरतच होतो. पण सांगायचं कुणाला? तू यायचा बंद झालास."

"अरे पण इतकी वर्षं! तो हात! असा हात या जिल्ह्यात परत होणार नाही! कुणी सांगितलं तुला सोडायला? त्या रस्कनं?"

टेट हसला. "रस्क? तो तर माझ्याशी चार दिवस बोलला नाही. म्हणाला, वेडा आहेस का, ज्यानं शिकवलंय त्याच्या कष्टांचा तरी विचार कर. कोचच्या घरी जाऊन भांडून आला. सगळ्यात जास्त तोच चिडलाय. मी म्हटलं, मामा रेडिओवर म्हणतोय ते खोटं आहे का? तर गप्प बसला."

आपण ज्या फांदीवर कुऱ्हाड चालवत होतो ती रस्कची समजून चालवत होतो, आणि होती आपली. त्याच्या हाताखाली घडलेला एकुलता एक क्वार्टरबॅक त्यानं फोनवरून, खुर्चीत बसून, मोडीत काढला होता. आणि तो वाचवायला भांडलं कोण? बँकेतल्या फोटोतला तो रेडा.

"रागावलास का?" टेटनं विचारलं.

"नाही रे." गार्लंड म्हणाला. "कोक संपव."

टेट गेल्यावर त्यानं दुकान लवकर बंद केलं. घरी इमोजीन म्हणाली, "आज थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाचं आमंत्रण आलंय नोरीनचं. मी हो म्हणून सांगितलंय. या वेळी कंबर दुखली तर मी एकटी जाईन, आणि का आला नाहीत ते सगळ्यांना खरं सांगेन."

कंबर दुखली नाही. टर्की, मक्याच्या पावाचं सारण, रताळी, पेकनच्या दाण्यांचा गोड पाई, सगळं टेबलावर होतं, आणि बोलणं जेमतेम. नोरीन भावाला वाढत होती, पण बशीत पदार्थ पडताना आवाज व्हायचा. टेट आणि मुली आत टीव्हीसमोर गेल्यावर रस्क उठला आणि म्हणाला, "गार्लंड, बाहेर या जरा."

मागच्या ओसरीत दोन खुर्च्या होत्या. रस्क बसला तेव्हा त्याची खुर्ची कुरकुरली. त्यानं नजर समोरच्या कुंपणावर लावली.

"मी खेळायचो तेव्हा माझं काम काय होतं माहितीये ना?" तो म्हणाला. "समोरच्या क्वार्टरबॅकला आडवा करायचा. बस. आयुष्यात मी कधी चेंडू फेकलेला नाही. मला येतच नाही. घरात रिमोट फेकला तरी नोरीन हसते."

गार्लंडनं आपली खुर्ची जरा पुढं ओढली.

"त्या पेपरवाल्याला मी तुमचं नाव सांगितलं होतं. स्पेलिंगसकट सांगितलं. त्यानं छापलं ते त्याला पाहिजे ते. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे येणार होतो."

"मग आला का नाहीत?"

रस्कनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "खरं सांगू? नाही आलो, कारण मला बरं वाटलं होतं. घरात सकाळ-संध्याकाळ मामा असं म्हणतो, मामा तसं म्हणतो. जेवताना मामा, गाडीत मामा. मी बूट आणले तर म्हणे, मामाला दाखवून येतो. मी काय केलं त्या पोरासाठी ते मोजत नाही मी, पण एकदा तरी, एका कागदावर तरी, तो माझा पोरगा होता. म्हटलं, राहू दे चार दिवस. मग तुम्ही रेडिओवर सुरू झालात, आणि मग मी मेलो तरी येणार नव्हतो."

गार्लंडनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि मान अशी खाली घातलेली की जणू पेढीवर चोरी पकडली गेलीय. आपल्यासारखंच याच्याही पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं आपलंच नाव घेऊन दुखत होतं, हे ऐकून गार्लंडला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी, खोटं कशाला बोला, त्याला सुख झालं.

"जेवताना पण मामा?" त्यानं विचारलं.

"जेवताना तर जास्तच," रस्क कडवटपणे म्हणाला.

गार्लंडला हसू फुटलं. ते त्यानं दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. रस्कनं आधी डोळे वटारले, मग तोही हसला. आतून नोरीननं जाळीच्या दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता दोन कप कॉफी आणून ठेवल्या. गार्लंडच्या कपात साखर नव्हती. तेवढी शिक्षा बाकी होती.

मोसमाची शेवटची मॅच दोन दिवसांनी होती. गार्लंड या वेळी खालच्या, घरच्या लोकांच्या बाकांवर बसला, नोरीन आणि रस्कच्या मध्ये. पुढच्याच रांगेत निळी हॅट घातलेली एक म्हातारी कृष्णवर्णीय बाई बसली होती, मांडीवर शेंगांची पिशवी. टॉलिव्हर मैदानात आला की ती उभी राहायची आणि तो खाली पडेल की काय म्हणून हॅट दोन्ही हातांनी घट्ट धरायची.

पोरगं खरंच पाऱ्यासारखं होतं. पण आज गार्लंडचं लक्ष त्याच्या पायांकडे नव्हतं. तो फेकायचा तेव्हा कोपर कानाच्या वर, मनगट सैल, पाय आधी. कुणीतरी रोज संध्याकाळी उभं राहून हे करून घेतलंय, गार्लंडला कळत होतं. कुठल्या अंगणात? कोण तो? न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल गार्लंडच्या मनात असा काही हेवा दाटून आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याचा क्वार्टरबॅक उभा होता, खेळत होता. आपला आता नुसता पळत होता.

न राहवून तो पुढं वाकला. "बाई, टॉलिव्हर तुमचा कोण?"

"नातू," ती वळून म्हणाली. "मी अर्लीन टॉलिव्हर."

"फेकायला कुणी शिकवलं त्याला?"

म्हातारी डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "परत बोला जरा."

"म्हटलं, फेकायला कुणी—"

"अगं बाई! हा तर रेडिओवरचा आवाज! तुम्ही लोटनचे गार्लंड!" तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माझं पोर दोन वर्षं बाकावर बसलं होतं हो. कुणी नाव काढत नव्हतं. एक तुम्ही काय ते बोललात, ना ओळख ना पाळख. आमच्या चर्चमध्ये तुमच्या नावानं प्रार्थना केली मी. कुणी विचारलं की मी सांगते, कीओन आज खेळतोय तो त्या लोटनच्या माणसामुळे."

जे श्रेय ऐकायला गार्लंडचे कान उन्हाळ्यापासून आसुसले होते, ते असं भरल्या स्टेडियममध्ये त्याच्या ओंजळीत पडलं होतं, दुसऱ्याच्याच पोराचं. शेजारी नोरीन ऐकत होती. तिचं तोंड समोर होतं, पण कान इकडे.

"तसं नाही, बाई," गार्लंड म्हणाला. "तेव्हा पहिला क्वार्टरबॅक होता ना, लूमिस. तो माझा भाचा."

अर्लीनबाईंनी त्याचा हात सोडला नाही. तिनं नोरीनकडे पाहिलं, रस्ककडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

"सख्खा?"

"सख्खा. फेकायला मीच शिकवला त्याला."

"आणि तरी तुम्ही माझ्या कीओनसाठी बोललात?" तिचे डोळे पाण्यानं भरले. "केवढं मन लागतं हो त्याला!"

गार्लंडनं तोंड उघडलं. नोरीननं आता सरळ त्याच्याकडे वळून पाहिलं, हाताची घडी घालून, हा आता काय बोलतो ते बघू या अशा नजरेनं.

"मन कसलं, बाई," तो म्हणाला. "जळत होतो मी. तुमच्या पोराचं भलं झालं ते आपोआप."

म्हातारीनं त्याचा हात सोडला, पिशवीतून उकडलेल्या शेंगांची मूठ काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "असू दे. देवालाही मिळेल त्या लाकडावरच काम भागवावं लागतं."

तेवढ्यात सगळं स्टेडियम उठलं. टॉलिव्हर डावीकडे सटकला होता, दोन गडी चुकवून थांबला आणि त्यानं लांब, खूप लांब चेंडू सोडला. पलीकडच्या कडेनं टेट पळत होता, मान मागे टाकून, लहानपणी ढगांकडे बघत पळायचा तसा. रस्क ओरडत होता. नोरीन ओरडत होती. अर्लीनबाईंनी हॅट घट्ट धरली.

चेंडू टेटच्या हातात बसला. गार्लंड सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं उभा राहिला. शेंगांची मूठ तशीच गच्च आवळलेली होती, आणि मिठाचं पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं.

"फेकला मस्त," तो रस्कला म्हणाला.

"आणि झेलला कसा!" रस्क ओरडला.

"झेलला पण बरा," गार्लंड म्हणाला.